‘सर्किट चाललं’ हा पुरावा नाही : मॉसफेटच्या गेटचं एक प्रसिद्ध चित्र वाचताना



संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : "पेपर चिकित्सक नजरेने वाचा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?" आधी मी याच्या उत्तरादाखल पेपरचे भाग समजावत बसायचे. सारांश असा वाचा, निष्कर्ष तसे तपासा वगैरे. त्याने फारसं काही साधत नाही. म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि एक चित्र वाचू. हे चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, बहुतेकांनी ब्रेडबोर्डवर जोडलेलंही असेल : मायक्रोकंट्रोलरची एक पिन, तिच्यापुढे मॉसफेट, आणि मॉसफेटपुढे मोटर. माझा आक्षेप या चित्रातल्या एखाद्या रेषेवर कमी आहे. ते चित्र ज्या पुराव्यावर आपल्याला पटतं, त्या पुराव्यावर जास्त आहे.

फुलसावंगी

माझं आजोळ फुलसावंगी. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात. बाहेर कुठे हे नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "ते हेलिकॉप्टरवालं गाव का?" हो, तेच. आठवीपर्यंत शिकलेल्या, वेल्डिंगचं काम करणाऱ्या २४ वर्षांच्या एका तरुणाने इथे स्वतःच्या हाताने एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं होतं. मारुती ८०० चं इंजिन, यूट्यूबवरून गोळा केलेली माहिती आणि दोनेक वर्षांची मेहनत. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. आधी मागच्या पंख्याचं पातं तुटलं आणि ते मुख्य पंख्यावर आदळलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

त्यानंतर जे लिहिलं-बोललं गेलं ते दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे, "काय डोकं होतं पोराचं, संधी मिळाली असती तर!" दुसरं, "शिक्षण नसताना असले उद्योग कशाला करायचे?" पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात दटावणी. पण एक साधा प्रश्न दोन्हींत नाही : फिरणारा एखादा भाग तुटला तर तो कुठे जाईल, आणि त्या वेळी माणूस कुठे असेल? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पण तो विचारणारं दुसरं कुणीतरी लागतं, कारण दोन वर्षं एकाच यंत्रात गुंतलेल्या माणसाला आपलं यंत्र ‘चालतंय’ हेच आधी दिसतं. त्या अपघाताचा तांत्रिक निवाडा करायचा माझा अधिकार नाही, आणि हेतूही नाही. तो न विचारला गेलेला प्रश्न मात्र मी सोबत घेऊन पुढे जाते.

मामेभावाचा पंप

मागे सुट्टीत आजोळी गेले तेव्हा मामेभावाने बॅटरीचा फवारणी पंप समोर आणून ठेवला. तो पॉलिटेक्निकला आहे. पाठीवरच्या १२ व्होल्टच्या पंपाला त्याने आर्डुइनो उनो लावून मोटरचा वेग कमी-जास्त करायची सोय केली होती. झाड लहान असताना दाब कमी, मोठं झालं की जास्त, शिवाय बॅटरीही जास्त वेळ पुरते. कल्पना चांगलीच होती. पण तक्रार अशी :

"ताई, मी बटन दाबलं नाई, काई नाई, तरी पंप आपल्या मनानंच फिरते. एखादा सेकंद फिरते अन् बंद पडते."

"कधी फिरतो?"

"लॅपटॉपची केबल लावली का फिरते. बॅटरी जोडली तवाबी कधी कधी फिरते. पण बाकी एकदम बराबर चालते ना!"

मी केबल लावून बघितली. नोझल काढून ठेवलेलं होतं आणि दांडीचा खटका दाबून अडकवलेला. पाण्याची धार सरळ मामाच्या पायावर गेली. मामा हसला, कारण टाकीत नुसतं पाणी होतं. मला मात्र हसू आलं नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं वेगळी आणि बरीच होती, त्यांचा या सर्किटशी काही संबंध नाही. पण टाकीत औषध असेल, नोझल तुंबलंय म्हणून माणूस ते काढून तोंडासमोर धरून बघत असेल आणि पंप ‘आपल्या मनानं’ एक सेकंद फिरला, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मी सर्किट मागितलं. त्याने फोनवर चित्र दाखवलं. तेच चित्र.

चित्रात काय आहे

नऊ नंबरची पिन थेट मॉसफेटच्या गेटला. मॉसफेट आयआरएफझेड ४४ एन. सोर्स ग्राउंडला, ड्रेन मोटरच्या ऋण टोकाला, मोटरचं धन टोक १२ व्होल्टला. मोटरच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला डायोड. आर्डुइनोचं आणि बॅटरीचं ग्राउंड एकत्र. संपलं.

आधी या चित्राचं श्रेय त्याला देऊ, कारण समीक्षा म्हणजे फक्त खोट काढणं नव्हे. मोटरवर डायोड आहे. तो नसता तर मॉसफेट बंद होताना मोटरच्या गुंडाळीतला प्रवाह वाट शोधत ड्रेनवर मोठा व्होल्टेज उभा करतो. दोन्ही ग्राउंड एकत्र आहेत. नवशिके इथेच सगळ्यात जास्त अडकतात, कारण गेटचा व्होल्टेज सोर्सच्या तुलनेत मोजायचा असतो आणि सोर्स तरंगता राहिला तर त्या व्होल्टेजला अर्थच उरत नाही. मॉसफेट मोटरच्या खालच्या बाजूला आहे, म्हणून पिनच्या छोट्या व्होल्टेजनेही तो चालवता येतो. म्हणजे हे चित्र ज्याने कुणी पहिल्यांदा काढलं, त्याला विषय कळत होता. प्रश्न त्यात जे नाही त्याचा आहे.

पहिला आक्षेप : डेटाशीटची चुकीची ओळ

"पाच व्होल्टवर हा मॉसफेट चालू होतो हे तुला कशावरून कळलं?" मी विचारलं. त्याने डेटाशीट उघडलं. थ्रेशोल्ड व्होल्टेज : कमीत कमी २, जास्तीत जास्त ४ व्होल्ट. "आपल्याकडे पाच हाय. म्हणजे झालंच की."

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिला चूक म्हणताना संकोच वाटतो. पण त्याच ओळीत पुढे मोजमापाची अट दिलेली असते, ती वाचा : ड्रेनमधून २५० मायक्रोअँपिअर जाताना. म्हणजे पाव मिलिअँपिअर. थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेटने नुकता डोळा उघडायला घेतला तो बिंदू. आमच्या पंपाची मोटर भाराखाली साधारण ३ अँपिअर घेत होती, म्हणजे त्या अटीच्या १२,००० पट.

खरी उपयोगाची ओळ वेगळी आहे : चालू असतानाचा रोध. आयआरएफझेड ४४ एनसाठी तो जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम आहे, आणि अट आहे गेटवर १० व्होल्ट. पाच व्होल्टवर काय होईल याबद्दल त्या तक्त्यात एक आकडाही नाही. आलेख आहेत, पण ते ‘साधारण’ नगाचे असतात, हमीचे नाहीत.

मग त्याचा पंप चालत कसा होता? कारण त्याच्या हाती आलेल्या नगाचा थ्रेशोल्ड २ ते ४ या पट्ट्यात कुठेतरी खालच्या बाजूला असणार. त्याच दुकानातला, त्याच पाकिटातला दुसरा नग ३.८ चा निघू शकतो, आणि तोही डेटाशीटप्रमाणे अगदी निर्दोष.

फरक किती पडतो? मॉसफेट पूर्ण उघडला तर त्यात जळणारी शक्ती ३ × ३ × ०.०१७५, म्हणजे साधारण ०.१६ वॅट. हीटसिंक नसताना या पॅकेजचा तापमानवाढीचा आकडा वॅटमागे ६२ अंश आहे, म्हणजे वाढ दहाएक अंश. बोट ठेवलं तर कोमट लागेल. आता दुसरा नग अर्धवट उघडला आणि त्याच्यावर १ व्होल्ट राहिला असं धरा. शक्ती ३ वॅट, वाढ १८६ अंश, त्यात आपल्याकडची ३५ अंशांची हवा. आतल्या सिलिकॉनची मर्यादा १७५ आहे. सर्किट तेच, चित्र तेच, प्रोग्राम तोच. एक नग वर्षभर चालेल आणि दुसरा काही मिनिटांत मरेल.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर नमुना एक होता आणि निष्कर्ष सगळ्यांबद्दल काढला गेला. त्या चित्राखाली "मीही केलं, चाललं" असं दोनशे जणांनी लिहिलं तरी पुरावा फार वाढत नाही, कारण ज्यांचं चाललं नाही ते बहुतेक गप्प बसतात. "माझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून.

उपाय अवघड नाही. ‘लॉजिक लेव्हल’ प्रकारचा मॉसफेट घ्यायचा. आयआरएलझेड ४४ एनच्या तक्त्यात ५ व्होल्टसाठी २५ मिलिओहम आणि ४ व्होल्टसाठी ३५ मिलिओहम अशी लेखी हमी आहे. नावात ‘एफ’च्या जागी फक्त ‘एल’. पण ईएसपी ३२ वापरत असाल तर पिनवर ३.३ व्होल्टच येतात, आणि त्यासाठी या नगाचीही हमी नाही. तिथे एओ ३४०० ए सारखा, अडीच व्होल्टला रोधाचा आकडा छापलेला नग हवा. नियम एकच : तुमच्या गेटला खरोखर जो व्होल्टेज मिळणार आहे, तो डेटाशीटमधल्या रोधाच्या ओळीच्या अटीत लिहिलेला असला पाहिजे. नसेल, तर तुमच्याकडे हमी नाही, अनुभव आहे.

दुसरा आक्षेप : हुकूम देणारा कुणी नसतो तेव्हा

आता आपल्या मनाने फिरणाऱ्या पंपाकडे येऊ. चित्र बघताना आपण गृहीत धरतो की पिन एकतर शून्यावर आहे किंवा पाचवर. प्रत्यक्षात तिसरी अवस्थाही असते. उनोवरची एटीमेगा ३२८ पी चिप रीसेट होते तेव्हा तिच्या पिना इनपुट होतात, म्हणजे ना वर ओढतात ना खाली. लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो, मग बूटलोडर थोडा वेळ नवा प्रोग्राम येतोय का हे बघतो, आणि त्यानंतर आपला प्रोग्राम सुरू होऊन पिन आउटपुट होते. मधला हा काळ गेट अधांतरी असतो.

अधांतरी गेट म्हणजे बंद गेट नव्हे. गेट आतून एक छोटा कपॅसिटर आहे. त्यावर भार येऊन बसला तर तो तिथेच राहतो. हे स्वतः करून बघा : मोटरऐवजी एलईडी आणि त्याचा रेझिस्टर लावा, गेटला क्षणभर १२ व्होल्टची तार टेकवा आणि काढून घ्या. एलईडी पेटलेलाच राहील. मग एकाच वेळी गेट आणि सोर्सला बोटं लावा, तो विझेल. वर्गात मुलांना दाखवायला याच्याइतका स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

उपाय : गेट आणि सोर्सच्या मध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर. पुल-डाउन म्हणतात तो. किंमत रुपयाच्या आतली. कुणी हुकूम देत नसेल तेव्हा गेटने काय करायचं, हे तो ठरवतो.

चित्र उतरवून घेणाऱ्यांनी इथेही एक गंमत केलेली दिसते. काही आवृत्त्यांत पुल-डाउन आहे, पण पिन आणि गेटच्या मध्येही १० किलोओहमच लावलाय. दोन सारखे रेझिस्टर, मधून गेट. म्हणजे पाच व्होल्टचे अडीच झाले! ज्याने हे केलं त्याला दोन्ही रेझिस्टर ‘असतात’ हे माहीत होतं, कशासाठी असतात हे माहीत नव्हतं. पेपरमध्ये दुसऱ्याची पद्धत उचलतो तेव्हा आपल्याकडूनही नेमकं हेच होतं.

तिसरा आक्षेप : उलट बाजूच्या घोषणा

आतापर्यंत मी चित्रावर टीका केली. पण चित्राच्या टीकाकारांचीही परीक्षा घ्यायला हवी. त्यांचं ठरलेलं वाक्य असतं : "गेट कधीही थेट पिनला लावू नका, पिन जळेल. नेहमी गेट ड्रायव्हर वापरा."

या वाक्यामागे खरं भौतिकशास्त्र आहे. गेटचा कपॅसिटर रिकामा असताना पिनने एकदम पाच व्होल्ट दिले, तर पिनचा आतला २५ ओहमच्या आसपासचा रोध सोडता अडवणारं काही नाही. म्हणजे क्षणभर २०० मिलिअँपिअर. एटीमेगाच्या डेटाशीटमध्ये पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर दिली आहे. झालं, पाचपट!

पण ती ओळही अटीसकट वाचा. तो ४० चा आकडा सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे. आपला झटका मायक्रोसेकंदाच्या आसपास संपतो. अशा झटक्यासाठी त्या तक्त्यात वेगळी मर्यादा दिलेली नाही. म्हणून "पिन जळेल" हे सिद्ध होत नाही, आणि "काही होत नाही" हेही सिद्ध होत नाही. जिथे हमी नाही तिथे जाऊ नये, एवढंच म्हणता येतं. पिन आणि गेटच्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो आणि वादच उरत नाही.

मग वेग कमी होईल का? होईल. किती, ते काढू. गेटच्या चढाईत एक सपाट टप्पा येतो. तिथे गेटचा व्होल्टेज थांबतो आणि ड्रेनचा व्होल्टेज खाली येतो. आयआरएलझेड ४४ एनमध्ये त्या टप्प्यासाठी जास्तीत जास्त २५ नॅनोकूलंब भार लागतो. टप्पा ३ व्होल्टवर धरला तर उरलेले २ व्होल्ट भागिले १७५ ओहम, म्हणजे ११ मिलिअँपिअर. २५ भागिले ११, म्हणजे सव्वादोन मायक्रोसेकंद. हिशोबाला २ धरू. १२ व्होल्ट, ३ अँपिअर : एकदा चालू होताना ३६ मायक्रोज्यूल, बंद होताना तेवढेच, मिळून ७२. उनोच्या नऊ नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम सेकंदाला ४९० वेळा होतं. एकूण ०.०३५ वॅट. विसरून जा.

आता कुणी म्हणालं, मोटरचा किणकिण आवाज नको, कानाच्या पलीकडे २० किलोहर्ट्झला नेऊ. तेच ७२ मायक्रोज्यूल गुणिले २०,०००, म्हणजे १.४४ वॅट. हीटसिंक नसताना जवळजवळ ९० अंशांची वाढ. इथे गेट ड्रायव्हरची गरज खरी आहे. टीसी ४४२७ सारखी चिप दीड अँपिअरपर्यंतचा झटका देऊ शकते आणि हा वेळ कितीतरी कमी होतो.

म्हणजे "ड्रायव्हर लागतो का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. "किती हर्ट्झला?" हे विचारल्याशिवाय तो प्रश्न अपुरा आहे. मग हे ‘नेहमी’ आलं कुठून? माझा अंदाज असा : या विषयावर सगळ्यात जास्त आधार घेतला जाणारा मजकूर म्हणजे लास्लो बालोघ यांची मॉसफेट गेट ड्राइव्हवरची मार्गदर्शिका, जी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स वितरित करते. मॉसफेट चालू होण्याची क्रिया चार टप्प्यांत उलगडून दाखवणारा हा मजकूर उत्तम आहे, पीएचडीच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाने वाचावा असा. पण तो वेगवान स्विचिंगसाठी लिहिलेला आहे आणि तसं तो सुरुवातीलाच सांगतो. खाली उतरताना लोकांनी निष्कर्ष घेतला आणि ‘वेगवान’ हा शब्द वाटेत सांडला. मूळ लेखकाचा यात दोष नाही. दोष उताऱ्याचा आहे.

आणखी एक. ड्रायव्हर लावला म्हणजे आधीचा आक्षेप मिटत नाही. रीसेटच्या वेळी आता मॉसफेटच्या गेटऐवजी ड्रायव्हरचं इनपुट अधांतरी असतं, आणि तो संभ्रम ड्रायव्हर आणखी जोरात पुढे ढकलतो. पुल-डाउन तिथेही लागतोच.

चौथा आक्षेप : मॉसफेट मेल्यावर तो कुठल्या बाजूला पडतो

इथपर्यंत भावाने मान डोलावली होती. मग मी विचारलं, "मॉसफेट जळला तर पंपाचं काय होईल?"

"बंद पडंल. अजून काय होईल?"

हाच तो प्रश्न. बल्ब उडाला की अंधार होतो, म्हणून आपल्याला वाटतं की जळलेली वस्तू बंद पडते. मॉसफेट बहुतेक वेळा उलट वागतो : ड्रेन आणि सोर्स आतून चिकटतात. म्हणजे तो मरतो तो चालू अवस्थेत. पंप पूर्ण वेगाने फिरत राहणार आणि प्रोग्राममध्ये कितीही वेळा ‘बंद’ लिहिलं तरी कुणी ऐकणार नाही. कधी गेटसुद्धा ड्रेनला चिकटतो. मग १२ व्होल्ट उलटे पिनवर येतात. अशा वेळी तो १५० ओहमचा रेझिस्टर निदान प्रवाहाला आवर घालतो.

"मग फ्यूज लावू?" लावच, बॅटरीच्या धन तारेत, बॅटरीच्या जवळ. वाहनात असतो तसला ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज चालेल. पण फ्यूज कशासाठी हे नीट समजून घे. तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागू नये म्हणून. चिकटलेल्या मॉसफेटमधून मोटर नेहमीचेच ३ अँपिअर घेत राहील. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे!

म्हणून हाताने तोडता येणारा एक साधा खटका बॅटरीच्या तारेत हवाच, आणि तो पंप पाठीवर असताना हाताला लागेल अशा जागी. नोझलला हात लावायच्या आधी तो बंद करायचा. भावाने मूळ पंपाचा खटका ‘आता आर्डुइनो आहे ना’ म्हणून काढून टाकला होता. कंपनीचा तो स्वस्तातला खटका साऱ्या सर्किटमधला सगळ्यात भरवशाचा भाग होता.

आता तिन्ही प्रसंग शेजारी ठेवा. हुकूम देणारा नाही : रीसेट. हुकूम देणारा अडकलाय : प्रोग्राम लटकला आणि पिन पाचवरच राहिली. हुकूम ऐकणारा मेलाय : मॉसफेट चिकटला. पहिल्यावर उपाय पुल-डाउन. दुसऱ्यावर वॉचडॉग टायमर, पण वॉचडॉग करतो काय? चिप रीसेट करतो, आणि मग पिन इनपुट होते, म्हणजे पुन्हा पुल-डाउनच कामाला येतो. तिसऱ्यावर फक्त हाताचा खटका. एक उपाय दुसऱ्याची जागा घेत नाही. त्या प्रसिद्ध चित्रात या तिन्हींपैकी एकही नाही, कारण ते चित्र सगळं सुरळीत असतानाचं आहे.

तुमच्या कामाचं काय

या सगळ्यातून वाचण्याची पद्धत म्हणून मी चार प्रश्न काढते. सर्किट असो, पेपर असो, स्वतःचा प्रयोग असो :

एक, हा आकडा कोणत्या अटीखाली मोजलाय, आणि माझी अट तीच आहे का?

दोन, ही हमी आहे की एखाद्या नमुन्याचा अनुभव?

तीन, हा सल्ला मुळात कोणत्या कामासाठी दिला होता, आणि माझ्यापर्यंत येताना त्यातला कोणता शब्द गळला?

चार, यातला एखादा भाग बिघडला तर तो कुठल्या बाजूला पडेल, आणि तेव्हा माणूस कुठे असेल?

पहिले तीन प्रश्न तुम्हाला चांगला परीक्षक बनवतील. मुलाखतीत तेवढे पुरतात. चौथा प्रश्न मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात ठळक अक्षरांत मला सापडलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेतही पहिल्या वर्षी मला तो कुणी विचारला नव्हता. एकदा माझ्या समोर एक मॉसफेट फुटला आणि त्याचा तुकडा चष्म्यावर येऊन लागला, तेव्हा मी तो स्वतःला विचारला. चष्मा नंबरचा होता, सुरक्षेचा नव्हता. नशीब म्हणायचं.

म्हणून फुलसावंगीच्या त्या तरुणाबद्दल कुणी "शिकलेला नव्हता ना" असं म्हटलं की मला राग येतो. शिकलेले आम्हीही एकच नग चालला की फोटो काढतो आणि आकडा पेपरमध्ये लिहितो. फरक इतकाच की आमच्याभोवती गाइड असतात, सीनियर असतात, परीक्षक असतात. कुणीतरी कधीतरी थांबवून विचारतं. त्याच्या शेडमध्ये कौतुक करणारे आले असतील, हसणारेही आले असतील. हिशोब मागणारा मित्र त्याला मिळाला होता का, या विचाराने मी अस्वस्थ होते. संशोधनात आपण ज्याला समीक्षा म्हणतो ती मुळात एवढीच गोष्ट आहे : दुसऱ्याच्या कामात इतका रस घेणं, की ते मोडेल कसं हे त्याच्या आधी आपण शोधावं. तुम्ही या क्षेत्रात येताय तर गावाकडच्या एखाद्या पोरासाठी ते काम करा. सुट्टीत घरी गेलात की त्याचं यंत्र बघायला मागा, आणि "भारी आहे" म्हणून झाल्यावर चौथा प्रश्न विचारा.

भावाच्या पंपात आता आयआरएलझेड ४४ एन आहे, १५० ओहम आहे, १० किलोओहम आहे, फ्यूज आहे, आणि जुना खटका परत आपल्या जागी बसलाय. केबल लावली तरी पंप हलत नाही. दहा वेळा लावून बघितली. "झालं ना ताई आता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, दहा वेळा चाललं, एवढंच झालंय. दुकानातून त्याच नंबरचे आणखी चार नग आण, एकेक बदलून बघू. प्रत्येक वेळी अर्धा तास चालवायचा, टाकीत पाणीच ठेवायचं, आणि दांडीचं तोंड भिंतीकडे.

तो कुरकुरत गेला खरा, पण चार नाही, पाच नग घेऊन आला.